दर्यावरचा आळ

“डावी बाजू जरा वर घ्या. अजून. बास, आता आवळा.”

आशुतोषसाहेब चार पावलं मागं गेले, मान तिरकी करून बघितलं आणि बोर्ड सरळ बसलाय अशी मनाची खात्री करून घेतली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. कामगार पाने-स्क्रू गोळा करून निघून गेले तरी साहेबांचा पाय तिथून हलेना. माणूस तसा भला, पण तोफांच्या बाबतीत अगदी खुळा. ऐरोलीला राहायचा, तिथून रोज स्वतःची गाडी हाकत यायचा. गाडीवर बोट फिरवलं तर नाव लिहिता येईल इतकी धूळ, पण तोफेवर कावळा बसला तरी हा रुमाल घेऊन धावायचा.

“मावशी, झाडू ठेवा आणि इकडे या. ऐका, गावातल्या माणसाला कसं वाटतंय ते मला कळू दे.”

गोजरा आली. साठी उलटलेली बाई. निम्मं आयुष्य मासळीची पाटी घेऊन उरणच्या बाजारात गेलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा पाटी सुटली आणि हातात हा झाडू आला. बॅटरीवरची झाडलोट. दांडखारातले लोक त्या टेकडीला बॅटरीच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी मुंबई बंदराच्या तोंडावर, दांडखारच्या डोक्यावर, दोन दांडग्या तोफा आणून बसवल्या. काँक्रीटचे गोल कट्टे बांधले, दारूगोळ्याला जमिनीखाली कोठारं खणली, समुद्रावर नजर ठेवायला मनोरा उभारला. लढाई संपली, इंग्रज गेले, तोफा आपल्या जागच्या जागी. पुढं कितीतरी वर्षं तिथं बकऱ्या चरल्या आणि रिकामटेकड्यांनी पत्ते कुटले. आता साहेबांच्या संस्थेनं ते सगळं साफसूफ करून, रंगवून, ऐतिहासिक स्थळ केलं होतं. येत्या रविवारी उद्घाटन होतं.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. तोफा कुठून आल्या, किती वजनाच्या, गोळा किती लांब जायचा. गोजराच्या ते एका कानातून दुसऱ्या कानात गेलं. मग साहेब जरा थांबले आणि शेवटची ओळ त्यांनी चवीनं म्हटली. स्वतः लिहिलेली होती ना.

“‘शत्रूचं जहाज इथवर कधी आलंच नाही. या तोफांपायी कोणाचाही जीव गेला नाही.’”

गोजरा बोर्डाकडं बघत राहिली. तिला वाचायला यायचं, पण एकेक अक्षर लावत.

“शेवटचा परत वाचा.”

साहेबांनी हसून परत वाचलं.

“ह्या खोटा हाय, साहेब.”

“काय खोटं?”

“माजा भाऊ मेला हितं. गंगाराम. त्या पल्याडच्या तोफेमागच्या खड्ड्यान.”

एवढं बोलून तिचं तिलाच नवल वाटलं. जे वाक्य आईनं मरेपर्यंत ओठांबाहेर येऊ दिलं नाही, ते तिनं ऐरोलीच्या एका माणसापुढं, हातात झाडू धरून, भर सकाळी बोलून टाकलं होतं. साहेबांचा हात आपोआप खिशातल्या फोनकडं गेला.

“रेकॉर्ड केलं तर चालेल, मावशी? हे फार महत्त्वाचं आहे.”

“नको. पयले ऐका तरी.”

आणि तिनं सांगितलं.

बांगलादेशच्या लढाईचं साल ते. गोजरा दुसरीत, गंगाराम चौथीत. रात्री गावात दिवा लावायची बंदी. पोलीस येऊन दवंडी पिटून गेले होते की बॅटरीवर कोणी दिसला तर थेट तुरुंगात, आणि कोणाच्या घरात सरकारी माल सापडला तर घरातल्या बाप्याला हेर म्हणून धरून नेणार. गावाचं धाबं दणाणलं, कारण माल घराघरांत होता. इंग्रज गेल्यापासून गाव त्या टेकडीवर पितळ वेचत आलं होतं. कोणाच्या दाराला पितळी टोपण अडसर म्हणून, कोणाच्या जाळ्याला गोळ्याचे तुकडे वजन म्हणून. चोरी करतोय असं कोणाच्या मनातही नव्हतं. टेकडी आपली, तिच्यावर पडलेलं तेही आपलं, असा साधा हिशेब.

पोरांचा जीव मात्र तांब्यावर. गोळ्याच्या कमरेला तांब्याचं कडं असायचं. ते छिनीनं काढलं की उरणचा भंगारवाला खूश, आणि पोरांची नानकटाईची चैन. मागल्या खड्ड्यात मातीतून एक अख्खा गोळा वर आलेला गंगारामला आणि त्याच्या जोडीदाराला, बाळारामला, दिसला. छिनी होती, घण नव्हता. बाळाराम घण आणायला खाली गावात पळाला. गंगारामला धीर धरवला नाही. त्यानं दगड उचलला.

आवाज साऱ्या गावानं ऐकला. सरकारी माणसं विचारायला आली तेव्हा साऱ्या गावानं एकच सांगितलं, कुठंतरी दगडखाणीत सुरुंग लागला असेल.

“आनि तुमचा भाऊ?” साहेबांनी विचारलं. ऐकता ऐकता त्यांची बोली तिच्यासारखी होत चालली होती, ते त्यांना कळलंही नाही.

“बाबांनी शिडात गुंडालून घरी आनला. जिता होता.”

“मग दवाखाना?”

गोजरा झाडूच्या काड्या नीट करू लागली. साहेब शिकलेले होते, त्यांना समजायला वेळ लागला नाही. दवाखान्यात नेलं की डॉक्टर विचारणार, डॉक्टर पोलिसांना कळवणार, पोलीस घरोघर शिरणार. अंगणात गावातले बाप्ये जमले, हलक्या आवाजात बोलले. सकाळपर्यंत बघू, असं ठरलं. तिच्या बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला आजही सांगता आलं नसतं.

“सकाल नाय बघितली त्यानं. रातचाच होडीन घालून नेला. बुडाला म्हनून सांगितला सगल्यांना.”

उखळाचं मात्र तिनं साहेबांना सांगितलं नाही. ते तिनं कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. दादा कण्हायला लागला तेव्हा आईनं तिला ओसरीवर उखळापाशी बसवलं, हातात मुसळ दिलं आणि म्हणाली, “कूट. थांबू नको.” रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला आवाज कळू नये म्हणून. भात कुटून झाला, तांदळाचं पीठ झालं, तरी गोजरा कुटत राहिली. हाताला फोड आले. घरातलं कण्हणं कधी थांबलं ते तिला समजलंच नाही, आणि आता बास कर असं सांगायचं कोणाला सुचलं नाही. शेजारची एक म्हातारी आली आणि तिनं मुसळ काढून घेतलं.

सगळं ऐकून साहेब कट्ट्याच्या कडेवर बसले. रुमालानं त्यांनी या वेळी स्वतःचा चेहरा पुसला.

“मावशी, ही ओळ मी काढतो. नुसती काढत नाही, गंगारामचं नाव घालतो. पण संस्थेचे लोक एकट्या तुमच्या शब्दावर छापू देणार नाहीत. त्या दिवसाचं पाहिलेलं अजून कोणी आहे का? एकानं जरी दुजोरा दिला तरी मी भांडीन.”

“हाय ना. बाळाराम दादा.”

साहेबांचा चेहरा उजळला. बाळाराम म्हणजे आता गावसमितीचा अध्यक्ष. संस्थेची गावातली सगळी कामं त्याच्याच हातून व्हायची.

“मग झालंच की. उद्या सकाळी बोलावतो त्यांना.”

झालंच म्हणे. शिकलेल्या माणसाला सगळं कसं लवकर होताना दिसतं.

संध्याकाळी प्रणय घरी आला. गोजराचा धाकटा, रबाळ्याच्या एका कारखान्यात होता. त्यानं हातपाय धुऊन ताट ओढलं तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

“मामा बुडला ना पण? आपण नारळ देतो त्याच्या नावाचा.”

“नावाचा नाय देत. तू बघितलंस कवा मना नाव घेताना?”

प्रणयनं आठवून बघितलं. दांडखारात रीत होती. नारळी पौर्णिमेला गावाचा सोन्याचा नारळ दर्यात गेला की ज्यांचं माणूस दर्यानं नेलं त्या घरांनी आपापला वेगळा नारळ सोडायचा, आणि सोडताना दर्याला त्या माणसाचं नाव मोठ्यानं सांगायचं. तुझ्याकडं आहे, सांभाळ, म्हणून. गोजराची आई दर वर्षी गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि नारळ सोडायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. गावाला वाटायचं, बाईला हुंदका आवरत नाही. हुंदका कसला. दर्यानं ज्याला नेलं नाही त्याचं नाव दर्याला कसं सांगायचं, हा तिचा पेच होता. ज्याच्या जिवावर गाव जगतं त्याच्यावर खोटा आळ घेणं म्हणजे कोळ्याच्या दृष्टीनं मोठं पाप. आई जाता जाता शेवटी शेवटी एवढंच म्हणायची, दर्याला आपन फुकटचा बोल लावला गं, कवातरी काढ तो. तिच्या मागं तो मुका नारळ गोजराकडं आला.

“आज्जीनं पण मला नाय सांगितलं,” प्रणय म्हणाला.

“तिनं मना पन परत कवा नाय सांगितला. मी होते म्हनून म्हाईत.”

“मग आता कशाला आई? पन्नास वर्षं झाली. उगाच टेन्शन. साहेब चांगला आहे, काम सावलीतलं आहे. उद्या त्यांनी तुला काढून टाकलं तर?”

“काढू दे.”

“आणि बोर्डावर नाव आलं म्हणून मामा येणार आहे का परत?”

“त्यो नाय येनार. पन तो बुडाला नाय, एवढा तरी कोनीतरी म्हनू दे.”

प्रणय उठून हात धुवायला गेला. बराच वेळ नळ वाहत होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसऱ्यानं कितीही मन मोठं केलं तरी. तो वाईट मुलगा नव्हता. नंतर पडवीत येऊन तिच्या शेजारी बसला आणि विचारलं, “कसा होता दिसायला?” तर तिला सांगता येईना. फोटो नव्हता. कान मोठे होते, एवढंच तिला पक्कं आठवत होतं.

जेवणं आटोपल्यावर ती बाळारामच्या अंगणात गेली. नव्या घराचं अंगण, टाइल्स घातलेलं. बाळाराम खुर्चीत बसून जाळ्याचा भोक पडलेला भाग विणत होता. होडी विकून दहा वर्षं झाली होती, पण हाताला चाळा लागतो.

“ये गोजरा. बस. चाय ठेवाला सांगू?”

“नको दादा. गंगारामचा बोलाचा हाय.”

बाळारामच्या हातातली सुई थांबली. सूनबाई आत टीव्ही बघत होती. त्यानं दार ओढून घेतलं.

गोजरानं बोर्डावरची ओळ सांगितली. साहेब काय म्हणाले ते सांगितलं. “तुमी फक्त व्हय म्हना. बाकी मी सांगितलाय.”

त्यानं सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग म्हणाला, “रोज येतो तो माज्या सपनान. आजून चौथीतच हाय. मी म्हातारा जालो, त्यो नाय.”

तिला रडू फुटलं. बाळारामही डोळे पुसायला लागला. दोन म्हातारी माणसं टाइल्सच्या अंगणात बसून एका चौथीतल्या पोरासाठी रडली. इतक्या वर्षांत एका गावात राहून, एकमेकांच्या लग्ना-बारशांत जेवून, हे पहिल्यांदा घडत होतं.

“येतो सकालीच,” बाळाराम म्हणाला.

ती घरी आली ती पार हलकी होऊन. त्या रात्री तिला झोप लागली.

सकाळी ती लवकर वर गेली. बोर्डाभोवतीची जागा तिनं दोनदा झाडली. साहेब आले, त्यांनी सोबत संस्थेचे दोन जण आणले होते, इस्त्रीचे कपडे घातलेले. बाळाराम आला. पांढरा सदरा, पांढरी टोपी. काठी टेकत टेकडी चढून आला आणि दम खाऊन बोर्डापुढं उभा राहिला. गोजराकडं त्यानं बघितलं नाही.

“बाळारामदादा,” साहेब म्हणाले, “गोजरामावशींच्या भावाबद्दल विचारायचं होतं. तुम्ही त्यांचे मित्र. इथं गोळा फुटून ते गेले, असं मावशी म्हणतात.”

बाळारामनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

“बुडाला तो,” तो म्हणाला.

“नक्की?”

“व्हय. दर्यान बुडाला. ही ल्हान होती तवा. पोरीच्या डोक्यान काय बसला असेल, देव जाने.”

संस्थेचे दोघं एकमेकांकडं बघून मान हलवायला लागले. साहेबांनी गोजराकडं पाहिलं. तिला बोलता आलं असतं. काल रडलात ते कोणासाठी, असं विचारता आलं असतं. पण तिनं झाडू उचलला आणि मनोऱ्याकडं चालू लागली, तिथं काही झाडायचं नव्हतं तरी.

बाळाराम मागून आला. काठीचा आवाज तिला ऐकू येत होता, पण ती वळली नाही.

“गोजरा, ऐक. रातचा मी बोललो ता मनापासून बोललो. सकाली गावातली पोरा आली घरी. कोनी सांगितला त्यांना काय म्हाईत. हितं गोला फुटला, मानूस मेला असा एकदा कागदावर आला का बाँबवाले येनार. सगली टेकडी परत खनून बघनार. टालं लागलं तर वर्ष जाईल, दोन जातील. पोरांनी दुकानाचे गाले घेतलेत, पार्किंग घेतलाय. माजा नातू गेटावर लागलाय, तुजी तू हितं. सगल्यांची पोटा ह्या टेकडीवर हायत.”

गोजरा वळली.

“तवा पितल होता घराघरान,” ती म्हणाली. “आता नोकऱ्या हायत.”

“व्हय,” बाळाराम म्हणाला. “तवा पन गाव वाचवाचा होता. आता पन.”

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. खोटं बोलला असता तर तिला त्याला शिव्या देता आल्या असत्या. गाव वाचायलाच हवं होतं. तेव्हाही सगळे तिच्या बाबांच्या अंगणात येऊन हेच बोलले होते आणि कोणाचंच चुकलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत चिरडला तो गंगाराम, बाकी सगळे सुखरूप राहिले.

“तू मना कायपन बोल,” बाळाराम म्हणाला.

“काय बोलू, दादा,” ती म्हणाली. “जा, साहेब खोलंबलेत.”

रविवारी उद्घाटन थाटात झालं. मांडव घातला, लेझीमवाली पोरं आली, कोणी मंत्री येणार होते ते आले नाहीत, मग त्यांच्या जागी दुसरे आले. तोफांना झेंडूच्या माळा घातल्या. गावातर्फे बाळारामला शाल आणि श्रीफळ मिळालं. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर तो माईकपुढं उभा राहून नुसते हात जोडून खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माणूस किती साधा म्हणून. गोजरानं दिवसभर कागदी पेले आणि फुलांच्या पाकळ्या झाडल्या. साहेब एकदा तिच्यापाशी आले, “मावशी, मी प्रयत्न केला,” म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले. तिनं त्यांना चहा आणून दिला. बिचाऱ्याचं तरी काय चुकलं होतं.

ती कामावर जात राहिली. न जाऊन करते काय. दुसरं कोणी ती जागा झाडायला आलं असतं, मागच्या खड्ड्यात पाय ठेवून उभं राहिलं असतं, हे तिच्यानं बघवलं नसतं. खड्ड्यात आता बारीक खडी टाकली होती, कडेनं साखळी लावली होती. रोज तिथं पोहोचली की ती चप्पल काढायची. बघणाऱ्याला वाटायचं, खडे गेले असतील चपलेत. बोर्डाजवळून जाताना तिनं वर बघायचं सोडून दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा खायचा, ते तिला उखळापासून शिकवलेलं होतं.

मग शाळांच्या सहली सुरू झाल्या. थंडीच्या दिवसांत रोज एखादी बस यायची. पोरं यायची, तोफेच्या नळीत डोकं घालून आपला आवाज कसा घुमतो ते ऐकायची, वेफर्सची पाकिटं टाकून जायची. गोजराला वैताग यायचा आणि बरंही वाटायचं.

एका सकाळी ऐरोलीची शाळा आली. बाईंनी मुलांना बोर्डासमोर बसवलं आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचून घेतली. बाई म्हणाल्या की मुलं म्हणायची. गोजरा पल्याडच्या खड्ड्यापाशी झाडत होती, वारा तिच्याच बाजूचा होता.

“‘या तोफांपायी कोणाचाही जीव गेला नाही,’” बाई म्हणाल्या.

पन्नासेक पोरं एका सुरात ओरडली, “या तोफांपायी कोणाचाही जीव गेला नाही.”

गोजराचा झाडू थांबला. आजवर गावातली पाच-पंचवीस मोठी माणसं ते खोटं बोलत होती आणि बोलताना निदान खाली मान घालत होती. ही पोरं तर मान वर करून बोलत होती. त्यांना कुठं माहीत होतं. उद्या ती घरी जाऊन सांगणार, परीक्षेत लिहिणार, आणि मग तेच खरं होणार. दादा आजवर निदान खोटा तरी मेला होता. आता तर तो मेलाच नव्हता, म्हणजे जन्मलाही नव्हता.

मुलांना खेळायला मोकळं सोडलं. एक मुलगी साखळीखालून वाकून इकडं आली. दोन वेण्या, गळ्यात ओळखपत्र, त्यावर अबोली असं नाव. ती तोफेच्या मागच्या कट्ट्यावर चढली, तोल सांभाळत दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि गोजराकडं बघायला लागली.

“आजी, तुम्ही इथंच राहता?”

“खाली गावान.”

“मग तुम्हाला माहीत असेल ना. खरंच इथं कोणीच नाही मेलं? एवढ्या मोठ्या तोफा कशाला मग?”

पोरांचे प्रश्न असेच असतात, सरळ येऊन छातीवर बसतात. गोजरानं आजूबाजूला पाहिलं. बाई लांब होत्या, डबे उघडत होत्या. गेटावर बाळारामचा नातू मोबाईल बघत होता. पल्याड दर्या होता, ओहोटीचा, नेहमीसारखा.

“मेला,” ती म्हणाली. “एक जन मेला.”

“कोण?”

“माजा दादा. गंगाराम त्याचा नाव.” नाव तिनं मोठ्यानं घेतलं. गेटावरच्या नातवानं मान वर केली, तिच्याकडं बघितलं. तिनं आवाज खाली केला नाही. “गंगाराम. हितंच, ह्या खड्ड्यान.”

मुलीनं खड्ड्याकडं वाकून बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. कोणाचा दुजोरा तिला लागत नव्हता.

“ते सोल्जर होते?”

“नाय गं. चौथीन होता.”

“मी पण चौथीत आहे,” अबोली म्हणाली.

गोजरानं झाडू भिंतीला टेकवला आणि पुढं होऊन दोन्ही हात वर केले.

“मंग खाली उतर बाय,” ती म्हणाली. “तिथं नको उभी राहूस. ये, मी धरते.”